चितकुलची आमटी

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
५ मे

प्रिय श्रीधर,

'प्रिय' वाचून हुरळून जाऊ नकोस. पत्राच्या डोक्यावर असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. आणि 'तू' वाचून दचकला असशील तर खुशाल दचक. समर्थनगरच्या तुझ्या घरात सात वर्षं मी 'अहो' म्हणत होते. अहो ऐकलंत का, अहो वाढू का, अहो चुकलं माझं. काडीमोड होऊन चोवीस वर्षं झाली, तेवढ्यात तो 'अहो' माझ्या तोंडातून पार गेला. आता 'तू'च. चितकुलला जे झालं ते तू पाहिलंस आणि तुझ्याबरोबर पंचवीस माणसांनी पाहिलं. पण तुम्ही सगळ्यांनी फक्त शेवटची दहा मिनिटं पाहिली. त्याआधीचे आठ दिवस तुमच्या पुढं पुढं पळणाऱ्या स्वयंपाकाच्या गाडीत काय शिजत होतं, ते तुला कुणी सांगितलेलं नसणार. सावनी सांगणार नाही, तुझ्या या दुसऱ्या बायकोचा स्वभावच तसा नाही. माझा आहे. म्हणून पहिल्यापासून सांगते, आणि तू शेवटपर्यंत वाच. मध्येच कागद बाजूला सारायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

फेब्रुवारीत प्रणयनं माझ्या हातात किन्नौरच्या ट्रिपची यादी दिली. टूर त्याची, स्वयंपाक माझा, हे आता बारा वर्षं चाललंय. आपला माणूस हिमालयात जातो, बर्फ बघतो, हजार फोटो काढतो, पण दिवस मावळायला ताटात आमटी-भात दिसला नाही तर त्याला त्या हिमालयाचं काही कौतुक राहत नाही. म्हणून तुमच्या दोन गाड्यांच्या पुढं आमची एक गाडी असते. गॅसच्या टाक्या, कुकर, परात, पिठाची पोती, आणि आम्ही तिघं. भाकरी-पोळीला पाचोडच्या सारजाबाई, गाडी हाकायला फर्दापूरचा सांडू, आणि बाकी सगळ्याला मी. प्रवाशांना आम्ही दिसत नाही. तुम्ही उठता तेव्हा पोहे झालेले असतात, तुम्ही पोचता तेव्हा आमटीला उकळी आलेली असते. वाढायला प्रणय आणि त्याची माणसं. माझं नावसुद्धा कुणाला माहीत नसतं, सगळे 'आक्का' म्हणतात. तर त्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढं पथ्याचा रकाना असतो. कुणाला साखर आहे, कुणाला कांदा-लसूण चालत नाही. एका नावापुढं लिहिलं होतं, 'रोज आमटी हवी. पातळ चालणार नाही.' नाव वाचायच्या आधीच मी तुला ओळखलं. मग नाव वाचलं. श्रीधर टाकळकर, वय एकसष्ट, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, सोबत पत्नी. प्रणयला सांगून मी ही ट्रिप टाळू शकले असते. मी म्हटलं, येऊ दे. बरा सापडला.

कशासाठी, ते तुला आठवत नसेल. मला तारखेसकट आठवतं. बाबा पाचोडहून आले होते, पिशवीभर मोसंबी घेऊन. शाळामास्तर माणूस, जावयाच्या घरी यायचं म्हणून धोतर इस्त्री करून आलेले. मी आमटी-भात वाढला. तू एक घास घेतलास आणि ताट सारलंस. नेहमीसारखंच सारलंस, त्यात नवीन काही नव्हतं. पण त्या दिवशी बाबांकडं बघून म्हणालास, तुमच्या मुलीला सात वर्षांत साधी आमटी जमली नाही. तुझ्या आई, कालिंदीबाई, पदरात हसल्या. बाबांनी तोवर माझी आमटी दोन वाट्या संपवली होती. ते उठून उभे राहिले आणि उष्ट्या हातांनीच त्यांनी तुला हात जोडले. म्हणाले, माझ्याच शिकवण्यात कमी राहिली, पदरात घ्या. माझ्या बापानं, श्रीधर! आमटीसाठी! आणि तू मनगटावरचं घड्याळ बघत होतास. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की हा माणूस एक ना एक दिवस माझ्यापुढं असाच हात जोडून उभा राहील, आणि चार लोकांच्या देखत राहील. तीन महिन्यांनी मी घर सोडलं. बाबा पुढं सात वर्षं जगले, पण तुझं नाव निघालं की आपल्या हातांकडं बघायचे. तेव्हा माझ्या मनात सूड होता का असं विचारशील, तर होता. चांगला मुरलेला होता.

आणि संधीही घरबसल्या चालून आली होती. चितकुल हा आमचा शेवटचा मुक्काम. त्याच्या पुढं गाव नाही, फौजेची चौकी आहे आणि डोंगरापलीकडं तिबेट. तिथून परतीचा रस्ता, मग जेवण धाब्यावर. म्हणून आपली मंडळी चितकुललाच दुपारच्या पंगतीनंतर सत्कार उरकतात. अकरा हजार फुटांवर गेलं तरी आपल्या लोकांचं शाल-श्रीफळ सुटत नाही. शाल वाटेत घेतात, नारळ मात्र संभाजीनगरहून पिशवीत घालून आणलेला असतो. ट्रिपमधला कुणीतरी भाषणाची हौस असलेला गृहस्थ उठतो, चार शब्द बोलतो, आचाऱ्याला शाल घालतो आणि हात जोडतो. जिथं चार डोकी जमतील तिथं तू सूत्रं हातात घेणार, हे मला माहीत होतं. मला काहीच करायचं नव्हतं. आठ दिवस तोंड लपवायचं, तुला पोटभर आमटी घालायची, आणि नवव्या दिवशी तू माझं कौतुक करून हात जोडलेस की मफलर काढायचा. झालं.

नारकंड्याला पहिला मुक्काम. सफरचंदाच्या बागा नुकत्या फुलायला लागल्या होत्या. तिथं मी पहिल्यांदा येसर काढलं. तुला सांगायला नको, पण तुझ्या घरातल्या येसरापायी माझा संसार गेला, तेव्हा सांगतेच. धान्यं आणि मसाले भाजून दळायचे, डबा भरून ठेवायचा, आणि उकळत्या पाण्यात चार चमचे कालवून फोडणी दिली की आमटी. लग्नाघरी पाचशे पानांना हीच आमटी असते. उंचावर तर तिला तोड नाही, कारण तिथं तुरीची डाळ कुकरच्या आठ शिट्ट्या घेऊनही टणक राहते. त्या संध्याकाळी मी पडद्याआड भांडी आवरत होते आणि पलीकडून तुझा आवाज आला. वा! याला म्हणतात आमटी! तुला तीन वाट्या लागल्या. मी मोजत नव्हते, सारजाबाई सांगत आल्या. 'आक्का, त्यो लांब नाकाचा बाबा लई वरपतोय,' म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! सात वर्षांत जे तोंड एकदा 'ठीक आहे' म्हणालं नव्हतं, ते आता मिटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सराहन. मग सतलजच्या काठाकाठानं किन्नौरात शिरलो. तो रस्ता तुम्ही गाडीत झोपून काढलात म्हणे. कातळ पोखरून केलेला रस्ता, डोक्यावर खडकाचं छत, एका बाजूला काहीच नाही, आणि तळाशी मातकट सतलज. सारजाबाई डोळे घट्ट मिटून खंडोबाचं नाव घेत होत्या. सांडू मात्र खुशीत, म्हणतो कसा, 'आक्का, आपल्या घाटातले खड्डे चुकवता येतात त्याला हे काय अवघड हाय व्हय!' समोरून फौजेच्या गाड्यांची रांग आली तर त्यानं कडेला दाबून एकेकाला सलाम ठोकला. मला त्या रस्त्यावर भीती वाटली नाही. मी येणाऱ्या दिवसाची स्वप्नं बघत होते. तू शाल घेऊन उभा आहेस, मी मफलर सोडते आहे, तुझ्या हातातला नारळ पडतो आहे. नारळ पडावा की नाही, यावरसुद्धा मी बराच विचार केला. कल्पाच्या वाटेवर एका थांब्याला तू थर्मास घेऊन आमच्या गाडीपाशी आलास, आठवतं? टोपी, मफलर, तोंडावर मास्क, एवढ्यातून माझे डोळेच दिसत होते. मी गरम पाणी भरून दिलं. 'थँक्यू हं मावशी,' म्हणालास. मावशी! माझ्याहून सात वर्षांनी मोठा तू!

पण सराहनची एक गोष्ट मी मघाशी गाळली. तिथं रात्रीच्या जेवणात तू नुसती आमटी वाखाणली नाहीस. सावनीला हाक मारून सगळ्यांसमोर म्हणालास, बघ, चाखून बघ, वीस वर्षं झाली तुला असं पाणी तरी उकळता आलं का? लोक हसले. कुणीतरी म्हणालं, वहिनींना इथंच ठेवून जाऊ शिकायला. त्यावर पुन्हा हशा. आणि खरं सांगू? पडद्याआड मीही हसले. त्या बाईनं माझं काही वाकडं केलं नव्हतं, पण ती माझ्या जागेवर बसली होती, एवढं मला पुरे होतं. बस म्हटलं, भोग आता. माझ्या आमटीची प्रत्येक वाटी तिच्या डोक्यात बसत होती आणि मला ते दिसत असून मी दुसऱ्या दिवशी फोडणी आणखी खमंग दिली. हे लिहायला मला लाज वाटते, पण सगळंच सांगायचं ठरवलंय.

कल्पाला चौथ्या दिवशी सकाळी ती आली. किन्नर कैलासावर नुकतं ऊन चढलं होतं आणि तुम्ही सगळे गच्चीवर फोटो काढत होतात. स्वयंपाकघराच्या दारात अंग चोरून उभी राहिली. शाल, हातात छोटी वही. म्हणाली, ताई, तुमच्या कामात त्रास देते, पण ती आमटी मला लिहून द्याल का? घरी गेल्यावर रोज ऐकावं लागेल हो. मी तिला बसायला पाट दिला आणि सांगायला लागले. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, सुंठ, हळकुंड, खोबरं. कुठलं किती आणि किती भाजायचं तेही सांगितलं. आणि दगडफुलापाशी आले तेव्हा जीभ आवळली. मुद्दाम आवळली, श्रीधर. दगडफूल घातलं नाही तर येसराला वासच उभा राहत नाही, आमटी नुसती पिठाळ लागते. म्हटलं, कर म्हणावं या कृतीनं चार दिवस आमटी, आणि सारू दे त्याला ताट.

तिनं सगळं लिहून घेतलं. मग पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद काढला आणि वहीशी ताडून बघायला लागली. मी वाकून पाहिलं आणि माझ्या हातातला झारा तसाच राहिला. वर श्री, खाली तिरक्या अक्षरात कालिंदीबाईंनी लिहिलेलं येसर. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात मलाही त्यांनी असाच कागद दिला होता, आमच्या घराण्याचं आहे, जपून ठेव म्हणून. त्यातही दगडफूल नव्हतं. ते मला कळलं घर सोडल्यावर, औरंगपुऱ्यातल्या काकासाहेब आचाऱ्यांच्या हाताखाली लग्नाच्या पंगती रांधताना. त्यांनी माझ्या आमटीचा वास घेतला आणि विचारलं, पोरी, दगडफूल विसरलीस काय? तिथं मला माझी सात वर्षं कळली. आणि आता सावनी वही मिटत म्हणाली, 'जुळतंय की हो सगळं. म्हणजे कृती बरोबरच आहे. माझाच हात वाईट म्हणायचा.' असं म्हणून हसली, आभार मानले आणि निघाली. माझाच हात वाईट. हे वाक्य मी सात वर्षं रोज म्हटलंय. बाबांनासुद्धा मी तेच म्हणाले होते, तुमच्या शिकवण्यात नाही हो, माझाच हात वाईट.

सारजाबाई कोपऱ्यात कणीक तिंबत होत्या. त्यांना माझी सगळी कहाणी ठाऊक आहे. त्यांनी मान वर केली नाही. एवढंच म्हणाल्या, 'आक्का, तू बी तीच सासू झालीस व्हय? लई वंगाळ केलंस.' मला कुणी थोबाडीत मारलं असतं तरी चाललं असतं.

मी गॅस तसाच सोडून धावले. हॉटेलच्या मागं जर्दाळूची झाडं फुलली होती, तिथं ती एकटीच एका पायरीवर बसली होती. मी मफलर काढला आणि म्हटलं, दगडफूल. कागदात दगडफूल नाही, मीही आत्ता सांगितलं नाही, आणि मी तनुजा, टाकळकरांची पहिली. एका दमात तिन्ही सांगून टाकलं. तिला तू सांगितलं होतंस की पहिली पळून गेली. मग तिनं काय सांगितलं माहीत आहे? म्हणाली, लग्नानंतर पहिली दोन-तीन वर्षं ताट सारताना ते म्हणायचे, तनुजा तरी याहून बरी आमटी करायची. श्रीधर, देवाशपथ, आम्ही दोघी त्या पायरीवर इतक्या हसलो की तिच्या डोळ्यांना धार लागली आणि मग तिचं हसू कधी थांबलं आणि रडू कधी लागलं ते मला कळलं नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. वर्षाचे मसाले गुलमंडीवरून कोण आणायचं, हे तिनं मला विचारलं आणि मी तिला विचारलं. दोघींचं उत्तर एकच. तूच आणायचास. दगडफुलाची पुडी वेगळी असायची, ती तू आईच्या हातात वेगळी द्यायचास. तुला कपट माहीत होतं असं मी म्हणत नाही. पण बायको कागद हातात घेऊन रडते आहे, तर त्या कागदावर एकदा नजर टाकावी, हे तुला दोन संसारांत सुचलं नाही. आईला वाईट वाटलं असतं ना! दोन बायकांचं काय, त्या ताटापुरत्या.

त्या पायरीवर माझा बेत बदलला. सूड सोडला असं समजू नकोस, उलट वाढवला. आधी तो माझ्या एकटीचा होता.

पुढचे मुक्काम नाको आणि ताबो. खाबच्या पुलापाशी सतलज सोडून स्पितीच्या खोऱ्यात शिरलो तशी झाडं संपली, नुसते उघडे करडे डोंगर आणि मधूनमधून एखाद्या गावाभोवती फुललेली चार झाडं. तुम्ही ताबोचा मठ बघायला गेलात आणि सावनी डोकं दुखतंय म्हणून मागं राहिली. तिचं डोकं अजिबात दुखत नव्हतं. ती माझ्या चुलीपाशी होती. तिला मी येसराचा डबा दिला आणि हात मागं बांधून उभी राहिले. तिनं फोडणी केली, येसर कालवलं, उकळी आणली. मी चाखली. तुला सांगते, तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. मीठ तर असं अचूक पडतं की मला हेवा वाटला. सारजाबाईंनी भाकरीबरोबर ओरपली आणि म्हणाल्या, 'हिला कोण म्हणतं येत नाय?' सावनीनं तेव्हा डोळे पुसले, पण यावेळी लपवून नाही. तेवढ्यात तुमच्या गाड्या आल्या आणि ती परत डोकेदुखीकडं गेली.

मग मागं फिरून चितकुल. बस्पा नदी, काठाला अजून वितळायचं राहिलेलं बर्फ, लखलखीत ऊन, आणि गवतावर अंथरलेल्या सतरंज्या. त्या दुपारी सगळी आमटी सावनीनं केली. मी मीठसुद्धा टाकलं नाही. तुला सांगितलं होतं की ती नदीकाठी फिरते आहे, आणि तू 'जेवायच्या वेळीच बरं सुचतं हिला' म्हणून मोकळा झालास. चार वाट्या प्यायलास. मग उठलास, स्वेटर खाली ओढलास आणि सुरू झालास. तुझं भाषण मला पाठ आहे. इतके दिवस आपण उत्तम जेवलो, पण आजच्या आमटीला तोड नाही. अशी आमटी मी माझ्या आईनंतर प्रथमच चाखली. ज्या माउलीनं ती केली, तिच्या हातांना आपणा सर्वांच्या वतीनं मी हात जोडतो. आणि खरोखर डोळे मिटून, फोटोसाठी जरा जास्तच वेळ, हात जोडून उभा राहिलास. प्रणय म्हणाला, आजची आमटी यांनी केली. तू डोळे उघडलेस तर समोर सावनी, कमरेला माझा ॲप्रन, कपाळाला पीठ.

तू म्हणालास, तू कुठं मध्येच आलीस, बस खाली. तेव्हा तुमच्यातल्या त्या सिडकोच्या चारुताताई, तीन दिवस सावनीला हसणाऱ्यांत पुढं असलेल्या, मोठ्यांदा म्हणाल्या, अहो टाकळकर, आमटी यांनीच केली, मी ओतताना पाहिलं, घाला की शाल, बायकोला काय लाजताय! टाळ्या सुरू झाल्या. तुला पळता येईना. तू शाल घातलीस, नारळ दिलास, आणि लोक थांबेनात म्हणून तिला हात जोडलेस. मग मी गाडीमागून आले आणि मफलर सोडला. तू मला लगेच ओळखलंस, एवढं मानते. मी फक्त विचारलं, 'टाकळकर, आमटी जमली का?' पंचवीस माणसं तुझ्या तोंडाकडं बघत होती. तू म्हणालास, हो. एवढंच. मला ते 'हो' इतकं गोड लागलं की मी तिथंच खाली बसून घेतलं. ते माझ्या आमटीला नव्हतं, तिच्या होतं, तरी गोड लागलं. सारजाबाईंनी मला पाणी दिलं. बाबांची फार आठवण आली.

परतीचे दोन दिवस तू ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलास, असं कळलं. सावनी खिडकीपाशी बसून सुके जर्दाळू खात होती, तेही कळलं.

आणि आता हे सगळं का लिहिलं ते. शुक्रवारी प्रणयनं मला ऑफिसात बोलावलं आणि तुझा तीन पानी तक्रार अर्ज पुढं ठेवला. विषय, संदर्भ, मुद्दे, खाली सही, सगळं नियमात. स्वयंपाकिणीनं ओळख लपवून आपली जाहीर मानहानी केली, सबब तिनं आठ दिवसांत लेखी माफी मागावी. प्रणय बिचारा घाबरला होता. म्हणाला, आक्का, दोन ओळी लिहून टाका, विषय संपेल. मी म्हटलं, माझी माफी दोन ओळींत मावायची नाही. तेव्हा ही घे तुझी लेखी माफी. मी सावनीची माफी मागते, कारण दोन दिवस तिच्या अपमानावर मी हसले आणि कल्पाला तिला जाणूनबुजून खोटं सांगितलं. मी माझ्या बाबांची माफी मागते, कारण त्यांनी हात जोडले तेव्हा मी ते धरले नाहीत. तुझी माफी मागावी असंही काही सापडतंय का, म्हणून मी हे पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचलं. सापडलं नाही. एक कळवायचं राहिलं. एक जूनला आमची लडाखची ट्रिप निघते, अठरा दिवसांची, आणि मला जोडीला एक हात हवा होता. सावनीनं काल तुझ्यासारखाच रीतसर अर्ज लिहून प्रणयला दिला. हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर तिनं तुला सांगितलेलंही असेल. येसराचा डबा ती ओट्यावर भरून ठेवणार आहे, झाकणावर पूर्ण कृती चिकटवून. अठरा दिवस आमटी तुझी तुला करायची आहे. ताट सारावंसं वाटलं तर सार, समोर कुणी नसेल.

तुझी आता कुणीही नसलेली,
तनुजा